हलवा चालतो, करणारी चालत नाही

पौष लागला की उमरेडच्या बाजारात तीळ, गूळ, सुगडे आणि बोरे यांच्या राशी लागतात. त्यांच्याच शेजारी हलव्याच्या दागिन्यांचे संच टांगलेले दिसतात. नव्या सुनेसाठी मंगळसूत्र, तन्मणी, बांगड्या, बाजूबंद, कंबरपट्टा. बाळासाठी मुकुट, हार, मनगट्या, बासरी. लग्नानंतरची पहिली संक्रांत म्हणजे तिळवण आणि लहान बाळाचे बोरन्हाण, या दोन प्रसंगी ही भेट द्यायची. काळ्या साडीवर पांढरे काटेरी दागिने फार देखणे दिसतात, त्याबद्दल वाद नाही. पूर्वी हा रिवाज मोजक्या पांढरपेशा घरांतला होता. मालिका आणि फोटोंची हौस यांनी तो आता विणकरांच्या वस्तीपासून कोळसा खाणीच्या वसाहतीपर्यंत नेला आहे.

या दागिन्यांबद्दल मला एकच विचारायचे आहे. ते करते कोण, ते घालते कोण, आणि करणारीला घालणारीच्या शेजारी पाटावर का बसू देत नाहीत?

ज्यांनी हलवा कधी केला नाही त्यांना आधी कृती सांगते. या कामाला किती वेळ आणि किती हात लागतो ते कळल्याशिवाय पुढचे बोलणे पोचायचे नाही. साखरेत पाणी घालून पाक उकळायचा, चमचाभर दूध घालून वर येणारी मळी काढायची, फडक्यातून गाळून घ्यायचा. तीळ थोडे भाजून परातीत पसरायचे. परातीखाली शेगडी, निखारे मंद. (उमरेडच्या जमिनीखाली कोळसाच कोळसा, पण तो या कामाचा नाही. हलव्याला लाकडाचा कोळसा लागतो. आता बहुतेक जणी गॅस बारीक करून भागवतात.) परातीत चमचाभर पाक सोडायचा आणि तो सुकेपर्यंत बोटांनी तीळ हलवत राहायचे. सुकला की दुसरा चमचा. पाक जास्त पडला तर गुठळ्या होतात, आच वाढली तर साखर पिवळी पडते, हात थांबला तर दाणे परातीला धरतात. एका बैठकीला काही तास, मग झाकून ठेवायचे, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तीनचार दिवसांनी दाण्यावर काटा उभा राहतो. आपल्याकडची थंडी कोरडी असते म्हणून काटा चांगला फुलतो. आभाळ आले, हवा दमट झाली की केलेले वाया जाते. बोटांची टोके मात्र सगळे दिवस भाजत असतात. ज्या बाईने हलवा केला आहे तिचे हात बघावेत, विचारायची गरज पडत नाही.

हे झाले नुसते दाणे. दागिना त्यापुढे. दाण्यातून सुई घालायला गेले तर तो फुटतो. म्हणून दोऱ्याच्या फासात एकेक दाणा अडकवून गाठ मारायची, नाहीतर जरीच्या पट्टीवर, पुठ्ठ्यावर चिकटवायचा. खसखशीवर केलेला हलवा बारीक, तो नथीला आणि कुड्यांना. साबुदाण्यावरचा टपोरा, तो हाराला. लवंगेवरचा लांबट, त्याची पदके होतात. रात्री स्वयंपाक, भांडी, पोरांचे अभ्यास उरकून बायका दिव्याखाली हे करत बसतात.

आणि याला म्हणतात फावल्या वेळचे काम.

पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात साखरेचे असेच दाणे जपानात नेले. १५६९ साली लुईस फ्रोइस नावाच्या पाद्र्याने ते काचेच्या बरणीत घालून ओदा नोबुनागा या सत्ताधीशाला भेट दिले होते. जपानी लोकांनी ती कला उचलली आणि त्याला कोम्पेइतो म्हणू लागले. अगदी आपल्या हलव्यासारखा काटेरी दाणा, तीच पद्धत, पाकाचे थरावर थर, एका घाण्याला दोन आठवडे. राजघराण्याच्या समारंभांत तो चांदीच्या छोट्या डबीत घालून पाहुण्यांना भेट देतात. क्योटोत एक दुकान १८४७ पासून फक्त हाच दाणा करते, आणि कारागिराला हात बसायला वीस वर्षे लागतात असे तिथे सांगतात. तिथे त्याला कारागीर म्हणतात, उमेदवारी असते, पगार असतो. आपल्याकडे तेच काम चुलीपुढे बसून बाईने केले, म्हणून ते हौस ठरले.

आता भेटीकडे येते. तिळवणीला सुनेला पाटावर बसवतात, दागिने घालतात, सवाष्णी ओवाळतात, हळदीकुंकू होते, वाण लुटतात. ज्या घरात हे चालते त्याच घरात एखादी विधवा सासू असते, जाऊ असते, माहेरी परत आलेली आत्या असते. तीळ निवडून देणे, पाक गाळणे, पराती घासणे, पाहुण्यांचा चहा, हे सगळे तिच्याकडे. समारंभ सुरू झाला की ती आतल्या खोलीत. तिला कोणी जा म्हणत नाही. ती आपणच उठते, आणि ‘त्यांना समज आहे’ म्हणून तिचे कौतुकही होते. बोरन्हाणाला नातवाच्या डोक्यावरून बोरे, हरभरे, उसाचे करवे, चुरमुरे ओतताना आजी दाराआडून बघते. त्याच घरातले विधुर आजोबा मात्र पुढे खुर्चीवर बसलेले असतात. बायको मेल्याने त्यांच्या दृष्टीत काही वाईट शिरलेले नसते.

घरात हलवा करायचा असेल तर पुष्कळ ठिकाणी विधवेचा हात परातीला लागू देत नाहीत. मंगळसूत्र व्हायचे असते त्या दाण्यांचे. पण तोच संच दुकानातून आणला तर तो कोणाच्या हातचा हे कोणीच विचारत नाही. आणि तो पुष्कळदा तशाच एखाद्या बाईच्या हातचा असतो, कारण नवरा गेल्यावर घरबसल्या चार पैसे मिळवायला पापड, शेवया, हलवा एवढेच तर तिला सुचवले जाते. पैसे दिले की सोवळे सुटते. मग अपशकुन नेमका कुठे राहतो? तिच्या बोटांत असता तर दाण्याबरोबर डबीत आला असता. बचत गटाच्या बैठकीत हा विषय निघाला तेव्हा आमच्यातल्या एक मावशी जे बोलल्या त्यापेक्षा नेमके मला सांगता येत नाही: ‘माह्या हातचा हलवा चालते जी, मीच चालत नाही.’

मावशींच्या बोलण्यातला पहिला अर्धा भागही तितका सरळ नाही. हलवा चालतो म्हणजे कोणत्या भावाने चालतो? व्यापारी साखर, जरी आणि पुठ्ठा देतो, संचामागे ठरलेली रक्कम देतो, काटा मोडलेला माल परत करतो. कोळसा किंवा गॅस बाईचा, जागा बाईची, भाजलेली बोटेही तिचीच. संचामागे मिळालेले पैसे तासांनी भागून पाहायला आम्ही बायकांना सांगतो. तासच कोणी मोजलेले नसतात, कारण मध्येच भाजी टाकली, मध्येच पाणी भरले. ते काम वाटतच नाही.

उमरेडला हे नवे नाही. रेशीमकाठी सुती कापडासाठी हे गाव इंग्रजांच्या काळापासून नावाजलेले. मागावर पुरुष बसे, कांड्या भरायला बायका आणि पोरी. विणकराची मजुरी एक, तिच्यात बाईचे काम विरून गेलेले. भिवापूरकडे मिरचीच्या सातऱ्यावर देठ खुडायला जाणाऱ्या बायकांना निदान किलोवर दाम मिळतो आणि कमी पडला तर मुकादमाशी भांडता येते, कारण सगळ्या एका जागी बसलेल्या असतात. घरी बसून काम करणारीला भांडायला शेजारीण नाही. १९४८ च्या किमान वेतन कायद्यातच माल घरी नेऊन काम करणाऱ्यांची दखल होती. १९९६ साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने घरबसल्या काम करणाऱ्यांसाठी वेगळा करार केला, तो १७७ क्रमांकाचा. भारताने त्याला मान्यता दिलेली नाही. बिडी कामगारांना १९६६ चा स्वतंत्र कायदा मिळाला तो संघटनेच्या जोरावर. हलव्याचा हंगाम महिनाभराचा, बाया विखुरलेल्या, म्हणून कोणाच्या यादीतच हे काम आले नाही.

मोबाइलवर बघून केक, चॉकलेटचे गुच्छ, रंगीत मार्शमॅलो करून विकणाऱ्या मुली आता गावोगाव आहेत. त्यांचा हिशेबही याहून वेगळा नाही, फक्त त्यांना ‘उद्योजिका’ म्हणतात.

पण मला जास्त बोलायचे आहे ते पाटाबद्दल. संक्रांतीच्या या समारंभाला बायकांच्या चळवळीत जुना इतिहास आहे. १८५२ साली पुण्यात सावित्रीबाई फुल्यांनी महिला सेवा मंडळातर्फे तिळगुळाचा समारंभ ठेवला होता. कलेक्टरची पत्नी मिसेस जोन्स मंडळाच्या अध्यक्ष, सावित्रीबाई चिटणीस. कोणत्याही जातीची बाई आली तरी एकाच जाजमावर बसायचे, हे निमंत्रणातच लिहिलेले होते. त्या काळात हे केवढे धाडस होते ते आज बचत गटात चहाचे कप वेगळे ठेवणाऱ्या घरांतल्या बायकांनी आठवावे. त्या जाजमावर जातीची रेघ पुसली गेली. नवऱ्याच्या जिवंत असण्याची रेघ मात्र आपल्या हळदीकुंकवात अजून तशीच आहे. तीस वर्षांनी, १८८२ साली, आपल्याच विदर्भातल्या, बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहून या रेघेवर बोट ठेवले. सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेवरचा खटला हे निमित्त. नवरा मेला यात बाईचा गुन्हा कोणता, आणि बायको मेली की पुरुषाला काहीच का सोडावे लागत नाही, हा त्यांचा प्रश्न होता. तो आजही कोणत्याही तिळवणीच्या खोलीत जसाच्या तसा विचारता येतो.

मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात हेरवाड गावच्या ग्रामसभेने ठराव केला की नवरा गेल्यावर बाईचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र आणि जोडवी काढणे हे गावात होणार नाही. त्याच महिन्याच्या १७ तारखेला राज्याच्या ग्रामविकास विभागाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनी हा कित्ता गिरवावा असे कळवले. परिपत्रक म्हणजे कायदा नव्हे, पण ग्रामसभेत उभे राहून बोलायला तो आधार पुरतो. उमरेड तालुक्यातल्या खेड्यांत तो वापरता येईल. खुद्द उमरेडला नगर परिषद आहे, ग्रामसभा नाही. शहरातल्या बाईने हा ठराव कोणापुढे मांडायचा? माझे उत्तर असे की आपल्याकडे गट आहेत, मोहल्ल्याच्या बैठका आहेत, तिथे मांडू.

ठरावाने एक गोष्ट होत नाही. कुंकू पुसू नका म्हणता येते. तिला पाटावर बोलवा असे कोणाला सांगायचे? बोलावणे घरातून जाते.

यावर अलीकडे एक उपाय फार लोकप्रिय झाला आहे: विधवांचे हळदीकुंकू. मंडप घालतात, पुढारी येतात, विधवांना रांगेत बसवून कुंकू लावतात, ओटी भरतात, दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात फोटो. हेतू चांगला असतो हे मी मान्य करते. काही बायकांच्या डोळ्यांत पाणी येते तेही खरे असते. तरी मला हा मार्ग पटत नाही. एक तर ज्यांना कुंकू लावतात त्यांना आधी कोणी विचारलेले नसते. लोकांसमोर नको म्हणण्याची ताकद सगळ्याजणींत नसते, आणि घरी गेल्यावर दीर-सासरे काय बोलतील ते मंडपवाल्यांना निस्तरायचे नसते. दुसरे, सन्मानासाठी का होईना, विधवांची वेगळी रांग केलीच. आणि परित्यक्ता कोणत्या रांगेत? जिचा नवरा दुसरी करून नागपुरात राहतो आणि जिच्या गळ्यात मंगळसूत्र आहे, ती? लग्नच न केलेली चाळिशीची शिक्षिका? २०२४ च्या लाडकी बहीण योजनेच्या अर्जात विवाहित, विधवा, घटस्फोटित, परित्यक्ता, निराधार सगळ्या एका ओळीत बसल्या. मते मिळवायची होती म्हणून असेल, पण सरकारच्या कागदाला जमले ते आपल्या सतरंजीला जमू नये?

तिसरी गोष्ट आपल्या भागात विसरून चालणार नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात धम्मदीक्षा झाली. उमरेडच्या आसपास असे गाव विरळा जिथे बौद्ध वस्ती नाही, आणि त्यातल्या पुष्कळ घरांनी हळदीकुंकू केव्हाच सोडले. माविमचा गट असो की उमेदचा, जानेवारीत गटाचा कार्यक्रम म्हणून हळदीकुंकू ठेवले की या मैत्रिणी, आणि मुसलमान मैत्रिणीही, कोपऱ्यात बसतात किंवा येतच नाहीत. कर्जाचा हप्ता त्या आपल्याबरोबर भरतात. मग वर्षातला एक गोड दिवस आपण असा का ठेवावा की निम्म्या जणींना कपाळ लपवावे लागेल?

आमच्या काही कार्यकर्त्या मैत्रिणी म्हणतात, हा सगळा पसारा सोडा, बायांच्या नावाने सातबारा करा, कुंकवाने पोट भरत नाही. सातबाऱ्याचे अगदी बरोबर. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने विधवा ही मुलांच्या बरोबरीची वारस आहे आणि तरीही फेरफारावर तिचे नाव चढवायला तलाठ्याकडे खेटे घालावे लागतात. शेतकरी नवऱ्याच्या आत्महत्येनंतर विदर्भातल्या किती घरांत हे झाले ते आपण डोळ्यांनी पाहिले आहे. पण हे दोन प्रश्न वेगळे नाहीत. जी बाई अपशकुनी म्हणून चार जणींत बसत नाही तिला गटाचे कर्ज केव्हा निघाले, शिबिर कोठे आहे, कोणता अर्ज भरायचा, हे उशिरा कळते. आणि दिराला नाव लावू द्यायचे नसते तेव्हा तो पहिल्यांदा तिचे बाहेर जाणेच बंद करतो, रिवाजाच्या नावाखाली.

दुसऱ्या बाजूने घरातल्या मोठ्या बायका म्हणतात, तुम्ही सण मोडायला निघालात. त्यांना माझे सांगणे असे की तीळ, पाक, काटा, दोरा यांतले काहीही मोडायचे नाही. हलवा आपल्या हाताने करून कोणाला तरी नटवणे ही भेट सुंदर आहे. तिच्याबरोबरची अट तेवढी काढायची. बाळाला मुकुट द्या, मुलगी असली तरी द्या. बोरन्हाण मुलीचेही करा, आणि तिला बासरी द्या. आजीनेच पहिली ओंजळ ओतावी. सुनेला हार घालताना विधवा सासूच्या गळ्यातही एक घाला, तिला विचारून. ती नको म्हणाली तर आग्रह करू नका, पुढच्या वर्षी पुन्हा विचारा. नवऱ्याशी नाते जोडायचे म्हणून केलेले हलव्याचे मंगळसूत्र संचातून वगळले तरी साज अपुरा दिसत नाही, आम्ही करून पाहिले आहे. गटाच्या कार्यक्रमाचे नाव तिळगूळ ठेवा, करंडा घरी राहू द्या. आणि हलव्याचा बिल्ला जिला द्यायचा तिला तिच्या कामासाठी द्या: सातबाऱ्यावर नाव चढवून आलेली, पोरीला बारावीपर्यंत शिकवणारी, रात्रीअपरात्री बाळंतिणीला दवाखान्यात पोचवणारी आशाताई.

विक्रीसाठी करणाऱ्यांनी मात्र एकत्र बसून करावे. एका घरी परात, एका घरी ओवणे, वहीत प्रत्येकीचे तास. साखर गटाच्या पैशाने घ्यावी म्हणजे व्यापारी मालक होत नाही, गिऱ्हाईक होतो. संचाची किंमत लिहिताना सामान, जळण आणि तास असे तीन आकडे निरनिराळे लिहावेत, आणि डबीवर गटाचे नाव घालावे. हलवा कोणाच्या हातचा आहे ते घेणाऱ्याला कळू द्या.

यंदा बसायचे असेल तर डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात पाक करायला घ्या. पहिल्या दिवशी मूठभरच तीळ घ्यावेत, शिकाऊ हाताला तेवढेच झेपतात. आभाळ असेल त्या दिवशी परात चढवू नये, त्या दिवशी आदल्या दाण्यांचे ओवण करावे. बोटांना लावायला खोबरेल तेल जवळ ठेवावे.